बदलीचा माणूस

सामरवरणी, सिल्वासा
६ डिसेंबर २०२३

तीर्थरूप आक्कास,
श्रीकांतचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सुमितच्या एकसष्ट दिवसांच्या कवायतीचा खरा खर्च तुला कळवतो, कारण सैन्याने तो कुठेच धरलेला नसणार. पीळ कमी बसलेला बारा कार्टन धागा सुरतेहून परत आला. ती पार्टी माझ्याशी अजून तुटक बोलते. एका हेल्परचा अंगठा पट्ट्यात जाता जाता वाचला. माझे दोन्ही गुडघे गेले. आणि दिवसपाळीला भाच्याच्या जागी मी स्वतः उभा राहिलो म्हणून तुझी भावजय नलिनी अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. या अकरा दिवसांना मी खर्च म्हणावं की जमा, ते अजून ठरलेलं नाही.

चिरंजीव परवा सुखरूप आले. वजन चार किलो कमी, मान ताठ, आणि आंघोळ इतकी झटपट की नलिनीने पाणी आलं नाही का म्हणून विचारलं. काल सकाळी सायली गावातल्या आपल्या धाग्याच्या युनिटात गेला आणि तासाभरात तिसऱ्या मशीनचा सूर जागेवर आला. मी ऑफिसात बसून ऐकत होतो. दोन महिने ते मशीन दात दुखणाऱ्या माणसासारखं बोलत होतं.

तू विचारतेस, हातात नोकरी असलेला मुलगा दर वर्षी दोन महिने फौजेत कशाला जातो. फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येतं आणि अर्धं तू मनाने बनवतेस, म्हणून इथे सावकाश लिहितो. कायम सैन्य म्हणजे आपल्याकडचे कायम कामगार. सुमित ज्यात आहे ती प्रादेशिक सेना म्हणजे सैन्याचे बदली कामगार. एरवी हे लोक आपापल्या धंद्यात. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी द्राक्षाच्या बागेत. वर्षातून एकदा बोलावून हात चालू ठेवायचा, आणि सैन्याला माणूस कमी पडला की नाव पुकारायचं. पगार बोलावलेल्या दिवसांचाच. रेल्वेवाल्यांची आणि तेलवाल्यांची पथकं वेगळी. उजाड डोंगरांवर झाडं लावत फिरणाऱ्या पलटणीसुद्धा आहेत म्हणे.

तेव्हा सीमेची काळजी करू नकोस. तीन वर्षांपूर्वी भरतीला मालकाचा दाखला लागला, तो मीच दिला होता. माझ्या सहीने गेलेला माणूस माझ्या सहीशिवाय जास्त दिवस कुठे अडकत नाही, एवढं या भावाचं वजन आहे.

बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, तो वाढला नाही तरी चालेल, राग तेवढा आटोक्यात असावा.

तुझा,
श्रीकांत

*

पारोळा
१९ डिसेंबर २०२३

चि. श्रीकांत यास,
आक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमनने तीन हाका मारल्या, मग कंटाळून तुळशीत ठेवून गेला.

तुझ्या खर्चाची यादी वाचली. गुडघे तुझे चौथीत असतानाही दुखायचे, विहिरीवर जायची वेळ झाली की. अंगठ्याचं वाचून मात्र जीव वर-खाली झाला. त्या पोराला हळद-दूध द्यायला नलिनीला सांग. आणि ती अकरा दिवस गप्प बसली हे मला खरं वाटत नाही. तुझेच कान त्या दिवसांत मशीनकडे असतील.

एक शब्द मात्र परत लिहू नकोस. बदली. तू लिहिलास गमतीने, मला कळतं. पण तू तेव्हा सिल्वासाला पळाला होतास, तू काही पाहिलेलं नाहीस. सुमितचे वडील एकोणीस वर्षं धुळ्याच्या गिरणीत बदली होते. सकाळी साडेसहाला गेटवर, कार्ड खिशात, डबा हातात. नाव पुकारलं तर आत, नाही तर डबा तसाच घरी. तो डबा दुपारी मी खायचे, आणि सासूबाई गल्लीत सांगत फिरायच्या की सून दोनदा जेवते. एकोणीस वर्षं, श्रीकांत. गिरणी बंद झाली तेव्हा कायम लोकांना थोडंफार मिळालं. यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, कारण ते होते म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी जागी होते.

पोरगा तरी गेटच्या आत असावा एवढ्याचसाठी मी त्याला तुझ्याकडे पाठवला. आणि तो पुन्हा स्वतःच्या पायाने जाऊन सैन्याचा बदली झाला. विचारलं तर म्हणतो, आई, वडील पोटासाठी गेटवर उभे राहिले, मी माझ्या मर्जीने उभा राहतो, यात फरक आहे. असेल. मला दुरून दोघं सारखेच दिसतात.

मला एवढंच हवं आहे की सैन्याने बोलावलं, सोडलं, परत बोलावलं, तरी तुझ्याकडची त्याची जागा त्याचीच राहावी. ते मला लिहून दे. तोंडी सांगू नकोस, तोंडी मला ऐकू येत नाही.

सहा वर्षं झाली तू इकडे आलेला नाहीस. आवळे उतरवायला माणूस मिळत नाही. येशील तेव्हा ये.

नलिनीस आशीर्वाद. आठवण ठेवतोस, ती अशीच ठेव.

आक्का

*

सामरवरणी, सिल्वासा
११ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. सुमितला बोलावणं आलं आहे. या वेळी कवायतीचं नाही, कामाचं. निदान एक वर्ष, पुढे गरज असेल तसं. त्याने तुला सांगितलंच असेल, पण तो सगळं चांगलं तेवढं सांगतो, म्हणून मी लिहितो आहे.

हुकूम त्याच्या नावाने आला. मला एक प्रत आली, वर लिहिलेलं, माहितीसाठी. मी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. मालकाने सही कुठे करायची ती जागाच नाही. नलिनीने चष्मा लावून पुन्हा पाहिला आणि म्हणाली की तुमचं वजन या कागदावर कुठे दिसत नाही.

मग मी एक उद्योग केला. तो तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. सत्तावीस वर्षं मी माणसं आणतो-पाठवतो. एक गेला की त्याच्या जागी दुसरा उभा करतो. तीच सवय. युनिटच्या लेटरहेडवर पलटणीच्या ऑफिसला अर्ज लिहिला, की श्री. सुमित हे आमच्याकडे अत्यावश्यक असून त्यांच्या ऐवजी दुसरा धडधाकट माणूस देण्यास आम्ही तयार आहोत. वय तीस, उंची भरपूर, निर्व्यसनी, जाण्यायेण्याचं भाडं आमच्याकडे. माणूसही ठरवला होता. ललित, नंदुरबारकडचा, खडोलीला राहतो, महिनाभर रोज आमच्या गेटवर येत होता. त्याला विचारायचं राहून गेलं होतं एवढंच.

चार दिवसांनी एका सुभेदारसाहेबांचा फोन आला, साताऱ्याकडचा आवाज. आधी त्यांनी शांतपणे विचारलं की हा अर्ज मीच शुद्धीत असताना लिहिला आहे ना. मी हो म्हटलं. मग समजावून सांगितलं की त्यांच्याकडे एकाच्या जागी दुसरा चालत नाही, आणि मी ज्याला बदली म्हणतो आहे तो माणूस म्हणजे माझा भाचाच. पुढे म्हणाले, परत येईल तेव्हा त्याला त्याच कामावर घेणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, तेवढी तयारी ठेवा. आणि हसले. आक्का, माणूस चांगला. मी त्यांना सिल्वासाला आलात तर जेवायला या म्हणून सांगून टाकलं.

तेव्हा ललित फौजेत गेला नाही, तो सुमितच्या जागी दिवसपाळीला उभा आहे. सुमित गेला सोमवारी. जाताना त्याने ललितला सहाही मशीनं हात लावून दाखवली, कुठली कधी रुसते ते सांगितलं. मी काचेतून बघत होतो. मग उगीच फोन उचलून कोणाशी तरी बोललो.

तू मागितलंस ते सोबत जोडलं आहे. सुमित परत येईल त्या दिवशी दिवसपाळीच्या सुपरवायझरची जागा त्याची असेल. खाली माझी सही, युनिटचा शिक्का. कायदा नसता तरी दिलं असतं.

पारोळ्याला मात्र बोलावू नकोस. सतरा वर्षांत मी सलग दोन दिवस सायली सोडलेली नाही. पंखा चालू असताना, दार लावून, मला ऑफिसात कळतं कुठल्या मशीनची कुठली स्पिंडल रडते आहे. हे कान दुसऱ्या कोणाला नाहीत. मी तिसऱ्या दिवशी नसलो तर चौथ्या दिवशी युनिट बसेल, हे कोणालाही विचार.

धीर धर. आणि मला चार शब्द रागावून लिहिलेस तरी चालेल, पण लिही.

श्रीकांत

*

(मुक्कामाचं नाव लिहायला मनाई)
६ जुलै २०२४

ती. मामांस,
सुमितचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. इथे जुलैतही पहाटे स्वेटर लागतो आणि एक पूल आहे, यापेक्षा जास्त लिहायचं नाही.

तुम्ही विचारलंत की नेमकं काय करतो. पुलावर उभा राहतो. आमच्या आधी इथे कायम सैन्याची तुकडी होती. आम्ही आलो तशी ती पुढे गेली. आमचं काम एवढंच, त्यांना इथून मोकळं करणं. दोन तास उभं राहायचं, चार तास सुट्टी, परत दोन तास. येणारी गाडी बघायची, जाणारी गाडी बघायची. पाच महिन्यांत पुलाला काहीही झालेलं नाही. सुभेदारसाहेब म्हणतात, काही न होणं हेच तुम्ही इथे करता आहात. तुमचे ते साताऱ्याचेच. तुमच्या अर्जाची गोष्ट त्यांनी सगळ्या कंपनीला सांगितली आहे. मला इथे काही जण निर्व्यसनी म्हणून हाक मारतात.

मागच्या महिन्यात नदी चढली, तेव्हा चार दिवस खालच्या वस्तीतली माणसं हलवली. एक म्हातारी पाठुंगळीला असताना विचारत होती की बेटा, फौज सोडून घरी काय करतोस. मी म्हटलं, धाग्याला पीळ देतो. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

माझ्याबरोबर प्रसाद म्हणून आहे, सांगलीकडचा, पतसंस्थेत कारकून. त्याच्या जागी एक मुलगी घेतली आहे. तिने त्याचं टेबल खिडकीजवळ सरकवलं असं त्याला फोनवर कळलं. एवढंच. टेबल सरकवलं. पण तो दोन दिवस नीट जेवला नाही. आम्ही सगळे हसलो त्याला, आणि मग ज्याने त्याने आपापल्या घरी फोन लावला.

ललितला सांगा, तीन नंबरचा पट्टा सकाळी मशीन थंड असतानाच ओढायचा. गरम झाल्यावर ओढला तर दुपारी सैल पडतो. मी त्याला सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि हाताला आलेलं यात वेळ जातो.

थकलोय मामा. चालून माणूस थकला तर झोप लागते. उभं राहून थकला तर लागत नाही. आईला हे कळवू नका, तिला मी हवेचं लिहिलं आहे.

मामींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असाच असू द्या.

सुमित

*

सामरवरणी, सिल्वासा
२१ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दोन आठवडे हे पत्र लिहायचं टाळतो आहे. गणपती झाले, आता सबब उरली नाही.

ललित चांगला निघाला. हे वाक्य मी तुला लिहितो आहे, सुमितच्या आईला, तेव्हा समजून घे की ते मला किती जड आहे. तीन नंबरचं मशीन आता कधी रडत नाही. सुरतेची पार्टी मागच्या खेपेला म्हणाली की श्रीकांतभाई, धागो आ वखते एकदम सरस छे, माणस बदल्यो के शुं, म्हणजे माणूस बदलला की काय. मी म्हटलं माणूस गेला आहे देशाच्या कामाला, हा त्याचा बदली. तर ती पार्टी हसून म्हणाली की मग देशाला सांगा, ठेवून घ्या. मी हसलो नाही. धंद्यात गिऱ्हाइकाच्या विनोदाला न हसण्याची माझी पहिलीच वेळ.

ललितची बायको सहा महिन्यांची गरोदर आहे. खडोलीच्या चाळीत एका खोलीत ते दोघं आणि दुसरं एक जोडपं, मध्ये साडीचा पडदा. सामरवरणीला एक खोली रिकामी आहे, पण घरमालकाला कंपनीचं कायमचं पत्र हवं. दवाखान्याच्या कार्डालाही तेच हवं. आणि खडोलीतल्या एका मोठ्या युनिटाने त्याला असं पत्र देऊ केलं आहे, हे त्याने मला सांगितलेलं नाही, मी ऐकलं. तो माझ्याकडे काही मागत नाही, आक्का. तोच त्रास आहे. रोज संध्याकाळी रजिस्टर आणून समोर ठेवतो, सही होईपर्यंत उभा राहतो, आणि जातो.

मी बसायला सांगितलं तर म्हणतो, ठीक आहे शेठ, उभा बरा आहे.

माझ्याकडे दोनच पाळ्या. रात्रीचा माणूस बारा वर्षांपासूनचा. दिवसाची जागा एक. ती मी तुला शिक्क्यानिशी लिहून दिली आहे आणि कायदाही सुमितच्याच बाजूला आहे. ललितला कायम केलं तर ज्या दिवशी सुमित येईल त्या दिवशी दोघांपैकी एकापुढे मी खोटा ठरेन. नाही केलं तर ललित जाईल, युनिट परत माझ्या गुडघ्यांवर येईल, आणि ती बाई पडद्याआड बाळंत होईल.

तेव्हा तू मला स्पष्ट नाही म्हण. आईने नाही म्हटलं एवढं मला पुरेल. ललितला तोंड दाखवायला काहीतरी लागतं ना. अठ्ठावन्नाव्या वर्षी थोरल्या बहिणीच्या पदराआड लपतो आहे, हसलीस तरी चालेल.

उत्तराची वाट पाहतो. कमी-जास्त लिहिलं असेल तर माझंच आहे असं समजून पोटात घाल.

श्रीकांत

*

पारोळा
९ ऑक्टोबर २०२४

चि. श्रीकांत यास,
अ. उ. आ.

मी हसले नाही. पत्र तीनदा वाचलं. मग शेवगा उतरवला, शेंगा वाटल्या, आणि पुन्हा वाचलं.

सुमितचा जन्म झाला त्या सकाळची गोष्ट तुला सांगितलेली नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. कळा पहाटेपासून चालू होत्या. हे सहाला उठले आणि डबा नसतानाही गेटवर गेले. त्या दिवशी गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुकारणारा नाव मागे टाकायचा. आठ वाजता परत आले. काम मिळालं नव्हतं. मी म्हटलं, किती नशीब, आजच नेमकं तुम्ही घरी. ते दारात तसेच उभे राहिले. आत येईनात. पोर झाल्यावर सुईणीने हाक मारली तेव्हा आत आले. मी त्याला नशीब म्हटलं, आणि तो माणूस त्या शब्दाने दारात अडकला होता, हे मला तुझं पत्र वाचून आत्ता कळलं. अठ्ठावीस वर्षांनी.

आता ती दुसरी बाई पडद्याआड आहे. तिलाही कोणी तरी सांगेल की नशीब. मी नाही म्हटलं तर ते माझ्या नावाने होईल. एवढं मला जमणार नाही, भाऊ. मला राग येतो आहे, कोणावर ते समजत नाही. माझा पोरगा पुलावर उभा आहे आणि त्याच्या जागेचं पत्र मी माझ्या हाताने दुसऱ्याला द्यायला सांगते आहे. तो मला लिहितो की हवा छान आहे. पाच पत्रांत हवा छान. मला काय समजत नाही का?

ललितला पत्र दे. बाळ यायच्या आधी दे, आणि त्याला बसवून दे.

तुझा शिक्क्याचा कागद सोबत परत पाठवते. फाडू नकोस, फाडलेलं बरं दिसत नाही, ठेवून दे कुठेतरी.

सुमितची जागा तू कुठून काढायची ते तू बघ. तुझ्याकडे दिवसाची एक, रात्रीची एक असं तू लिहितोस. तिसरी एक आहे. ती तुला दिसत नाही, कारण तू तिच्यावर बसलेला आहेस.

नलिनीला म्हणावं, शेंगांचं लोणचं येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. माया आहे, म्हणून हे एवढं लिहिलं.

आक्का

*

(मुक्काम मागचाच)
२ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आमची कंपनी मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुटते आहे, असं आज वाचून दाखवलं. दुसरी कंपनी येऊन पूल घेईल. सुभेदारसाहेबांनी सांगितलं की सुटलात म्हणजे संपलं असं समजू नका, वर्षाची कवायत आहेच आणि परत बोलावतीलही. पेन्शनही नुसत्या वर्षांनी पिकत नाही, बोलावलेले दिवस मोजतात. सगळे बूट पुसत होते.

ललितला कायम केलंत ते आईने कळवलं. मुलगी झाली तेही. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तुम्हाला खोटं कळेल, तुमचे कान कागदावरही चालतात. दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मी प्रसादला त्याच्या टेबलावरून पुन्हा चिडवलं, तेव्हा समजलं की आता ठीक आहे.

कायद्याचं मला माहीत आहे. इथे सगळ्यांना ते कलम पाठ आहे. पण मामांना कायदा दाखवून मी काम करणार नाही आणि ललितला उठवून तर नाहीच. दुसरीकडे कुठे बघायचं असेल तर तसंही सांगा, मी रागावणार नाही.

फक्त एक विनंती आहे. मी आल्यावर कुठे उभं राहायचं ते आधी कळवा. गेटवर सगळ्यांसमोर विचारायला नको.

मामींना नमस्कार. जमेल तेवढी आठवण काढा.

सुमित

*

पारोळा
९ जून २०२५

चि. सुमितास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही याची बोच आहे, म्हणून आता लिहितो, तुझ्याच घरातून, तुझ्याच आईच्या पाटावर बसून. पाट ठेंगणा आहे. उठताना दोन माणसं लागतात.

उत्तर दिलं नाही कारण माझ्यापाशी नव्हतं. आक्काने ऑक्टोबरात लिहिलेलं एक वाक्य मी सात महिने कपाटात ठेवलं होतं. ललितला पत्र दिलं, बसवून दिलं, पेढे खाल्ले, आणि पुढचं तू आल्यावर बघू म्हणून ढकललं. मी माणसं हलवत आलो रे. स्वतःला हलवायची सवय नाही.

तू परत आलास त्या सकाळचं तुला माहीत आहे, पण मी कुठून पाहत होतो ते माहीत नाही. मी ऑफिसात बसलो होतो. मनात होतं की तू नेहमीसारखा सरळ आत येशील, बॅग टेबलावर टाकशील, चहा मागशील, आणि तेवढ्यात मला काहीतरी सुचेल. सात वाजले, सव्वासात झाले. वॉचमन येऊन सांगू लागला की सुमितभाई कधीचे बाहेर उभे आहेत, आत या म्हटलं तर हो म्हणतात आणि येत नाहीत. मी काचेतून पाहिलं. बदलीची पाच-सहा माणसं उभी होती आणि त्यांच्यात तू, बॅग पायाशी, हात मागे. तुझ्या वडिलांना मी गेटवर कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं.

मी धावलो, गुडघ्यांसकट. पोचेपर्यंत ललित तिथे होता. त्याने तुझी बॅग उचलली आणि दिवसपाळीचं रजिस्टर तुझ्यापुढे धरलं. पाच महिन्यांची मुलगी घरात असताना धरलं. तू ते न उघडता परत त्याच्या हातात दिलंस, त्याने पुन्हा पुढे केलं. ती बदलीची माणसं तोंड उघडं टाकून बघत होती. तुम्ही दोघं एकमेकांना एकच जागा देत होतात, आणि सगळ्या जागा ज्याच्या मालकीच्या तो मध्ये उभा होता. त्यानंतर मी खिशातल्या युनिटच्या किल्ल्या काढून तुझ्या हातात दिल्या त्या काही विचार करून नाही. विचार करत बसलो असतो तर अजून गेटवरच असतो.

तेव्हा आता नीट लिहितो, म्हणजे तोंडी राहायला नको. दिवसपाळी ललितची. रात्र जुन्या माणसाची. युनिट तू बघायचं. माल, माणसं, पार्टी, सगळं. सैन्याने परत बोलावलं तर जा. तुझी खुर्ची तेवढे दिवस मी धरून बसेन, तुझा बदली म्हणून. तुझ्या आईला हे वाचून दाखवलं, मोठ्याने, दोनदा. ती म्हणाली की एवढं ओरडायला नको, ऐकू आलं. मग तोंड फिरवून बराच वेळ तांदूळ निवडत बसली. तांदूळ निवडलेलेच होते.

मी इथे पंधरा दिवस राहीन म्हणतो. आवळे मागच्या हंगामातच गळून गेले, आता आंबे उतरवायला लावलं आहे. मी खाली उभा राहून सूचना देतो, त्या कोणी पाळत नाही. नलिनी खूष आहे. तुझी आई आणि ती माझ्याविषयी माझ्यासमोरच बोलतात.

सुरतेच्या पार्टीशी पहिल्यांदा बोलशील तेव्हा आधी तब्येत विचार, मग धागा. ललितच्या मुलीला माझ्याकडून काही घेऊन जा. स्वतः जेवत जा. काही अडलं तर वेळ-अवेळ न बघता फोन कर. तुम्हा पोरांचा लोभ या वयातही मला लागतो, तो राहू दे.

तुझा,
मामा

ता. क. फोन उशाशी, आवाज पूर्ण वाढवून ठेवलेला असतो. बिघडला की काय म्हणून नलिनीला तिच्या फोनवरून दोनदा लावायला सांगितला. वाजतो. मी येऊन आज नववा दिवस. युनिटातून एकही फोन आलेला नाही.